सेलमधला करंट बल्बमध्ये संपतो का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार सर, मी पुण्यात धायरीला राहते, बी.कॉम. झालंय, एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या इथल्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी दोन तास सहावी ते आठवीची १४ मुलं असतात, त्यांना मी गणित आणि इंग्रजी घेते. आता मुलांनीच हट्ट धरलाय की ताई इलेक्ट्रॉनिक्स शिकवा. हातात चार रविवार आहेत आणि वर्गणीचे ३,००० रुपये. एक दुकानदार म्हणाला प्रोग्रामिंगचं किट घ्या, रोबोट होतो, पण या पैशात एकच येईल. एका मुलाचे वडील म्हणाले शॉक बसला तर जबाबदार कोण? आणि परवा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, सेलमधला करंट बल्बमध्ये संपतो का? म्हणून सेल उतरतो का?" मला सांगता आलं नाही, मी विषय बदलला, आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीये. मी हे शिकवावं का? – अभ्यासिकेतली ताई

ताई,

शिकवा. हे आधी सांगून टाकतो कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे, बाकी सगळं त्यानंतरचं. ज्या वर्गात सातवीतली मुलगी असा प्रश्न विचारते तो वर्ग तुम्ही चांगलाच चालवताय, नाहीतर मुलं असलं काही विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. विषय बदललात त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका, येत्या रविवारी तिला सगळ्यांसमोर सांगा की तुझा प्रश्न चांगला होता, मला उत्तर येत नव्हतं, आता आपण सगळे मिळून ते शोधू. मी बरीच वर्षं शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये मुलांना हे शिकवतोय आणि माझा अनुभव असा की हा एक प्रश्न नीट सुटला ना, की पुढचं मुलं स्वतःच ओढत नेतात, आणि नाही सुटला तर सूत्रं पाठ होतात, मार्क पण पडतात, पण मनात कुठेतरी तेच राहतं की बल्ब करंट खातो.

किटबद्दल. किट वाईट नाहीये, माझ्याकडेही आहेत, पण १४ मुलांत एक किट म्हणजे दोघं करणार आणि १२ जण मान उंच करून बघणार, आणि ते दोघं कोण असणार हे तुम्हाला आत्ताच माहितीय. शिवाय तयार प्रोग्राम टाकला की दिवा लुकलुकतो, टाळ्या पडतात, घरी जाताना मुलाला विचारा दिवा का लागला तर म्हणतो प्रोग्राममुळे. ते नंतर, पुढच्या वर्षी. या ३,००० रुपयांत सात जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला स्वतःचं सामान द्या. मुलींच्या जोड्या वेगळ्या ठेवल्या तरी चालेल, मी तरी ठेवतो, कारण मिश्र जोडीत वायर मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मी ते नशिबावर सोडत नाही.

आता त्या वडिलांची भीती. त्यांचं चुकत नाहीये, भीती बरोबर आहे फक्त ती भिंतीतल्या प्लगची आहे. आपल्या घरात येते ती २३० व्होल्ट, तिच्याशी आपलं काही काम नाही. आपला सेल १.५ व्होल्टचा, दोन जोडले तर ३, फार फार तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. कोरड्या कातडीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हजारो ओहमच्या घरात असतो (ओहम हे रोधाचं माप), एवढ्या कमी व्होल्टला त्यातून जो काही करंट जातो तो जाणवतही नाही. मुलांना सेलची दोन्ही टोकं बोटांनी धरायला लावा, पहिल्या पाच मिनिटांत, भीती तिथेच निघून जाते.

पण काही गोष्टींचा धाक मात्र ठेवायचा. मोबाइलची, पॉवर बँकेची, लॅपटॉपची जुनी बॅटरी वर्गात अजिबात नको, कोणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी नको, लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली, म्हणजे तिची दोन टोकं सरळ एकमेकांना जोडली गेली, तर पेट घेते. बटण सेल नको, कारण मुलांबरोबर धाकटी भावंडं येऊन बसतात आणि ते गिळलं तर अन्ननलिका आतून जळते, तो थेट हॉस्पिटलचा प्रकार आहे. ९ व्होल्टची बॅटरी खिशात किल्ल्या, नाण्यांबरोबर टाकायची नाही. आणि एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलोय ती सांगतो. एका शाळेत मी मुलांना एलईडी घरी न्यायला दिले, सगळं सांगितलं, प्लस कुठे मायनस कुठे, आणि एकच सांगायचं राहिलं. सहावीतल्या एका मुलाने घरी जाऊन एलईडीचे दोन पाय सरळ प्लगच्या भोकात घातले, त्याला वाटलं सेलने एवढा लागतो तर प्लगने किती लागेल. फाट्कन फुटला, तुकडा भुवईला लागला, डोळा वाचला. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, आईसमोर बसलो, काय बोलावं कळेना. तेव्हापासून माझा पहिला तास याच वाक्याने सुरू होतो: इथलं काहीही, कधीही, भिंतीतल्या प्लगला लावायचं नाही. मुलांकडून मोठ्याने म्हणून घेतो, आणि का ते पण सांगतो, दीड व्होल्ट कुठे आणि २३० कुठे, फळ्यावर एक सेंटीमीटरची रेघ दीड व्होल्टची धरली तर प्लगची रेघ दीड मीटरच्या पुढे जाते, फळ्यावर मावत नाही. नुसतं नको म्हटलं तर मुलं करून बघणारच.

सामान. मंडईच्या मेट्रो स्टेशनला उतरा आणि चालत बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळता मिळत नाही. टॉर्चचे जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब मागा, अडीच व्होल्टचे, आता सगळीकडे एलईडीचे टॉर्च आल्यामुळे एखाद्या दुकानात नाही म्हणतील, पुढच्यात विचारा, शाळेच्या प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्यांकडे असतात. वीस तरी घ्या, काही उडणारच. बल्बचे होल्डर, सेलचे डबे, मगरीच्या तोंडाच्या क्लिपा लावलेल्या वायरी, लाल एलईडी, रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा तुकडा), दोन-तीन ब्रेडबोर्ड (डाग न देता जोडण्या करायची भोकांची पाटी), व्होल्ट, करंट मोजायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर, चार-पाच बझर आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. एलईडी आणि रेझिस्टर अगदी चिल्लर भावात मिळतात, तुमचं बजेट पुरून उरेल. सेल घेताना साधे स्वस्तातले झिंक कार्बनचे घ्या, महागडे अल्कलाइन नकोत, आणि हे काटकसर म्हणून सांगत नाहीये, मुलांच्या हातून शॉर्ट होणारच आणि साधा सेल शॉर्टला कमी करंट देतो म्हणून कमी तापतो.

आता पहिला रविवार, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण सगळं इथे आहे. प्रत्येक जोडीला द्यायचं काय, तर एक सेल, एक बल्ब, एक वायरचा तुकडा दोन्ही टोकं सोललेला. बस. होल्डर नाही, क्लिप नाही, दुसरी वायर नाही, फळ्यावर आकृती तर मुळीच नाही. सांगायचं, बल्ब लावा. आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं ताई, गणित शिकवणाऱ्या माणसाला तर फारच, पण वीस-पंचवीस मिनिटं कळ काढा.

बहुतेक मुलं काय करतील सांगतो. वायरचं एक टोक सेलच्या टोपीला लावतील, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट बघतील. घरात बघतात ना, प्लगला एकच वायर जाते, त्या जाड वायरच्या आत दोन किंवा तीन वायरी असतात हे कोणी त्यांना दाखवलेलंच नसतं, त्यामुळे डोक्यात चित्र असं की नळाला पाइप लावला की पाणी येतं तसं सेलला वायर लावली की करंट येतो. लागणार नाही. मग दोघं एकमेकांवर चिडतील, बल्ब खराब आहे म्हणतील, तुमच्याकडे बघतील. तेव्हा फक्त एवढंच म्हणा की बल्ब चांगला आहे, मी तपासलाय. खरंच तपासून ठेवा मात्र आदल्या रात्री, सगळेच्या सगळे. मग कुठल्यातरी एका जोडीचा लागतो, अचानक, आणि त्या कोपऱ्यातून जी आरोळी येते ना, ती ऐकायला मी आजही जातो. लगेच बाकीचे धावतात बघायला, बघू द्या, ती कॉपी नाहीये.

लागल्यावर विचारा, अजून कसा लागेल? एका वायरने तो चार प्रकारे लावता येतो. बुडाचा ठिपका सेलच्या प्लसवर टेकवून वायर मायनसपासून बल्बच्या बाजूच्या पत्र्याला, किंवा पत्रा प्लसला टेकवून वायर ठिपक्याला, आणि सेल उलटा करून असेच आणखी दोन प्रकार. मुलांनी चारही काढले की चित्रं काढायला लावा, न लागलेल्या जोडण्यांचीसुद्धा, ती जास्त महत्त्वाची, मग दोन्ही ढीग शेजारी ठेवून विचारा की लागलेल्यांमध्ये असं काय आहे जे न लागलेल्यांमध्ये नाही. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, "ताई, गोल पूर्ण होतोय." तुम्ही म्हणू नका, त्यांना म्हणू द्या. पुस्तकातला परिपथ हा शब्द त्यानंतर सांगितला की तो चिकटतो.

मग भिंग द्या आणि बल्बच्या आत बघायला सांगा. आत दोन काड्या उभ्या आहेत, त्यांच्या मध्ये केसासारखी गुंडाळलेली तार, एक काडी खाली जाऊन बुडाच्या ठिपक्याला डाग दिलेली, दुसरी बाजूच्या पत्र्याला, आणि ठिपका आणि पत्रा यांच्यामध्ये एक काळी रिंग, जी करंट जाऊ देत नाही. म्हणजे बल्बलाही दोन तोंडं आहेत, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. बल्ब म्हणजे वाटेतच असलेली एक बारीक तार, तो शेवटचा स्टॉप नाहीये. तुमच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या भिंगाखाली आहे.

उरलेलं निम्मं दुसऱ्या रविवारी. एकसर जोडणी करायची, दोन सेल आणि एकापाठोपाठ एक दोन बल्ब. पण जोडण्याआधी हात वर करून अंदाज घ्यायचा: पहिला जास्त लागेल, दुसरा जास्त, की सारखे? अंदाज वहीत लिहून घ्या, तोंडी घेतला तर नंतर सगळेच म्हणतात मी हेच म्हटलं होतं. बहुतेक जण पहिला जास्त म्हणणार, कारण पहिल्याने खाल्लं, उरलेलं दुसऱ्याला. मग जोडा. दोन्ही सारखेच, मंद नारिंगी.

इथे एक अडचण येते जी पुस्तकात नसते. स्वस्तातले बल्ब सगळे तंतोतंत सारखे नसतात, एखाद्या जोडीला एक बल्ब जरा जास्त लागलेला दिसणार, आणि नेमका तो प्लसकडचा निघाला तर मुलं म्हणतील बघा आम्ही बरोबर. तेव्हा घाबरू नका, म्हणा की दोन बल्बांच्या जागा बदला. जो जास्त उजळ होता तो दुसऱ्या जागी गेल्यावरही तोच जास्त उजळ राहतो. म्हणजे फरक बल्बचा आहे, जागेचा नाही. मला हा प्रसंग इतका आवडतो की कधी कधी मी मुद्दाम असे बल्ब देतो. एकदा आठवीतल्या एका मुलाने जागा बदलून झाल्यावर सेल पण उलटा करून पाहिला, मला न विचारता, आणि मग वहीत आपला अंदाज खोडून शेजारी लिहिलं, "सारखाच जातो." चार शब्द पण सांगितले नव्हते त्याला कोणी.

आता दोरी. सुती दोरी घ्या, नायलॉनची नको, हात भाजतात. टोकं बांधून मोठं कडं करा, १४ मुलं गोल उभी करा, प्रत्येकाने दोरी दोन्ही हातांच्या मुठीत सैल धरायची. तुम्ही सेल. तुम्ही दोरी एका हाताने ओढायला आणि दुसऱ्या हाताने सोडायला लागा, सगळी दोरी एकदम फिरायला लागते. मग त्या मुलीला सांगा की तू बल्ब, जरा घट्ट धर. तिचे हात गरम होतील, दोरी सगळ्यांकडेच हळू फिरायला लागेल, आणि तुम्हाला ओढायला जास्त जोर लागेल. मग विचारा तिलाच: तुझ्याकडे दोरी संपली का? तुझ्यापर्यंत आली तेवढीच पुढे गेली ना? मग तुझे हात कशाने तापले? आणि दमलं कोण? दमल्या तुम्ही. दोरी म्हणजे करंट, तुमचा जोर म्हणजे व्होल्टेज, तिची मूठ म्हणजे रोध, आणि हाताची ऊब म्हणजे बल्बचा उजेड. बल्बमधून करंट जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो, तिथे बाहेर पडते ती ऊर्जा. आणि सेल उतरतो कारण त्याच्या आतली रसायनं हळूहळू संपतात, साध्या सेलचा बाहेरचा डबाच जस्ताचा असतो, तो डबाच आतून खाल्ला जातो, म्हणून भिंतीवरच्या घड्याळात विसरलेला जुना सेल पाझरतो. हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं, विचारा, तीन-चार हात वर येतील.

दोरीचा अजून एक फायदा, कोणीतरी हमखास विचारतं की बटण दाबलं की दिवा लगेच कसा लागतो, करंट इतक्या वेगात पळतो का. तर नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर करंट जात असेल तर आतले इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर सरकतात, म्हणजे एक मीटर जायला जवळपास चार तास, त्यापेक्षा मुंगी बरी. पण दोरी कशी, एकाने ओढली की समोरच्याच्या मुठीतली पण त्याच क्षणी हलते, तसे तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेलेच असतात, सेल सगळ्यांना एकदम हलवतो. आणि एक लक्षात ठेवा, आकृतीत आपण करंट प्लसकडून मायनसकडे दाखवतो, इलेक्ट्रॉन मात्र मायनसकडून निघतात. ही दिशा ठरली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधच लागलेला नव्हता, तो लागला १८९७ मध्ये, तोवर खुणा पक्क्या झाल्या होत्या. कोणी विचारलं तर एवढंच सांगा आणि पुढे जा, सहावीच्या मुलांना त्यात अडकवू नका.

समांतर जोडणी त्याच दिवशी आटपते, दोन्ही बल्ब सेलच्या दोन टोकांना वेगवेगळे जोडले की नव्या सेलवर दोन्ही झकास लागतात आणि एक काढला तरी दुसरा चालू. मुलांना विचारा घरात कुठली जोडणी असेल, फॅन बंद केला तर ट्यूब बंद होते का? गणपतीच्या मखराला लावायची जुनी माळ घरात पडलेली असेल तर मागवा, बारक्या बल्बांची, एक उडला की अख्खी रांग बंद, ती एकसर. पण नुसती बघायला आणि वायर चाचपायला, लावायची नाही कोणीच, ती २३० व्होल्टची असते.

तिसऱ्या रविवारी एलईडी, आणि सुरुवात परत न लागण्यापासून. एक सेल, एक लाल एलईडी, लागत नाही. उलटा करा, तरी नाही. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात आणि सेल आहे दीडचा. दोन सेल घेतले तर लागतो, पण एकाच बाजूने, लांब पाय प्लसला. बल्बला दिशा नव्हती, याला आहे, हा फरक मुलांनाच सापडू द्या. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या कडेला हात फिरवा, एका बाजूला कड सपाट असते, तो मायनस.

मग ९ व्होल्टची बॅटरी, आणि इथे रेझिस्टर लागतोच, नाहीतर एलईडी एकदा भक्कन लागून मरतो. एक मुद्दाम मारून दाखवा, तुमच्या हाताने, मुलांना लांब बसवून, दोन रुपयांत धडा मिळतो. मग हिशोब, आणि हा तुमचा प्रांत आहे ताई, तुम्ही गणिताच्या बाई: ९ व्होल्टमधले २ एलईडीने घेतले, उरले ७. करंट हवा १५ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे ०.०१५ अँपिअर. ७ भागिले ०.०१५, आले ४६७, बाजारात मिळतो ४७०. पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, हाच ओहमचा नियम, मी तो असाच येऊ देतो, गरज पडल्यावर. १८२७ मध्ये जर्मनीत गेओर्ग ओहम नावाच्या शाळामास्तरांनी तो छापला, तुमच्यासारखेच शिकवणारे होते, गणित आणि फिजिक्स शिकवायचे, हे मुलांना आवर्जून सांगा. मग रेझिस्टर बदलून बघू द्या, १ हजार ओहम, १० हजार, दिवा मंद होत जातो, आणि प्रत्येक वेळी आधी अंदाज, मग जोडणी.

ब्रेडबोर्डबद्दल एकच, पहिल्यांदा हातात दिला की मुलं एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीतल्या पाच भोकांत घालतात, आणि ती पाचही भोकं आतून जोडलेली असतात, म्हणजे करंट एलईडीला वळसा घालून निघून जातो. मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) कुठली भोकं कुठल्याशी बोलतात ते मुलांनाच शोधू द्या, अर्धा तास आनंदात जातो. मीटर अँपिअरवर ठेवून सेलला लावायचा नाही, आतला फ्यूज उडतो, हे मात्र आधीच सांगा.

आणि काही चाललं नाही तर? दहातल्या आठ वेळा चूक जोडात असते, वायर नीट सोललेली नाही, क्लिप प्लास्टिकवर बसलीय, सेलच्या डब्याची स्प्रिंग गंजलीय. जुना सेल मीटरवर नुसता १.४ दाखवतो आणि बल्ब लावला की बसतो, तेव्हा सेल तपासायचा तो बल्ब लावलेला असताना. मुलाने हाक मारली की लगेच हात घालू नका, विचारा, गोल कुठे तुटला असेल? बोटाने वायरवरून फिरत फिरत त्याने स्वतः शोधलं पाहिजे.

चौथा रविवार टाकीच्या अलार्मला द्या. आपल्याकडे पाण्याचं काय आहे ते मी सांगायला नको, पाणी आलं की मोटर लावायची आणि मग टाकी भरून वाहते तोपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर मायनसला. बझरचा प्लस बॅटरीच्या प्लसला, बझरचा मायनस कलेक्टरला. बॅटरीच्या प्लसवरून एक मोकळी वायर, आणि बेसला १ हजार ओहमचा रेझिस्टर लावून दुसरी मोकळी वायर. दोन्ही टोकं एका ग्लासात जवळ जवळ लटकवा आणि वरून तांब्याने पाणी ओता. पाणी टोकांना लागलं की बझर ओरडतो. नळाच्या पाण्यातून इतका बारीक करंट जातो की त्याने बझर वाजला नसता, पण तेवढा बेसला मिळाला की ट्रान्झिस्टर मोठ्या करंटची वाट उघडतो, आणि मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय, छोट्याने मोठ्याला हलवणं. टोकं बोटांनी धरायला सांगा, ओल्या बोटांनी पण वाजतो कमी-जास्त. मग दोन मुलांनी हात धरून. घरी खरंच टाकीला लावणार असतील तर प्लसची वायर काही दिवसांनी पाण्यात खाल्ली जाते, काळी-हिरवी होते, तेव्हा टोकाला स्टीलचा स्क्रू बांधा, आणि हे सगळं वरच्या टाकीत, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन, मोटरच्या वायरिंगपासून लांब.

मुलांना पुढे न्यायचं असेल तर आपल्या पुण्यासारखं गाव नाही. विद्यापीठात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, अरविंद गुप्तांनी तिथे बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी केली, सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची मोटर त्यातलीच, ती करून बघाच, फक्त तारेच्या एका टोकाचं लाखेसारखं कोटिंग पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं अर्ध्या बाजूचंच, सगळं खरवडलं तर फिरत नाही, नुसती थरथरते. आणि पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, हाताने काम करत शिकणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर मुलांना एक दिवस घेऊन जा, आधी फोन करून.

त्या वडिलांना पहिल्या रविवारी बोलवा. मागे खुर्ची टाकून बसवू नका, त्यांनाही एक सेल, एक बल्ब, एक वायर द्या आणि मुलांमध्येच बसवा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एका माहितीपटासाठी तिथल्या एमआयटी या नावाजलेल्या तंत्रज्ञान संस्थेच्या पदवीदानाच्या दिवशी झगे घातलेल्या इंजिनिअर पोरांना असंच सामान देऊन बल्ब लावायला सांगितलं होतं आणि बऱ्याच जणांना जमलं नाही, तेव्हा त्यांना पण वेळ लागेल, लागू द्या. त्यांच्या मुलाचा आधी लागला तर तो स्वतः बाबांना दाखवेल.